छोटा कोळसा वीजप्रकल्प चालवताना या चुका टाळा

जगातली सुमारे एक तृतीयांश वीज आजही कोळशावर तयार होते, आणि त्यात छोटे संचही आहेत. छोट्या बॉयलरच्या ड्रममध्ये (पाणी आणि वाफेच्या टाकीत) पाणी बेताचंच असतं. फीडवॉटर (बॉयलरला सतत पुरवलं जाणारं पाणी) थांबलं की हातात काही मिनिटं उरतात. तरीही नव्या तुकड्या त्याच त्या चुका करतात.

पॅनलवरच्या आकड्यावर विसंबणं

सगळ्यात घातक चूक हीच. फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरवर (यात कोळसा हवेने उसळत्या थरात जळतो) एका रात्रपाळीत ड्रममधल्या पाण्याच्या पातळीची रेषा पडद्यावर सरळसोट चालली होती. नवा ऑपरेटर खूश होता. "लेव्हल एकदम स्थिर आहे, साहेब." चालत्या बॉयलरची पातळी कधी अशी गप्प बसत नाही, सतत थोडी हलत असते. वर जाऊन गेज ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) ब्लो केला, म्हणजे ड्रेन उघडून बंद केला, तर पाणी परत चढलंच नाही. पातळी पडद्यावर पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची नळी गाळाने तुंबली होती. ज्या स्विचने ट्रिप (बॉयलर आपोआप बंद पडणं) यायला हवी होती, तो कुणीतरी "सारखा त्रास देतो" म्हणून बायपास करून ठेवला होता!

कोळशाचा फीडर आणि एफडी फॅन (भट्टीत हवा ढकलणारा पंखा) लगेच बंद केले. तेवढ्यात पोरगा दुसरा फीडपंप सुरू करायला धावला. त्याला दंडाला धरून मागे ओढलं. कोरड्या पडून तापलेल्या नळ्यांत पाणी घातलं की बॉयलर फुटू शकतो, माणसं मरतात. बॉयलर आपोआप थंड होऊ दिला. फुगलेल्या नळ्या कापून बदलाव्या लागल्या, पण इजा कुणालाही झाली नाही.

पाळी हातात घेतली की खुर्चीत बसण्याआधी मी गेज ग्लासचा ड्रेन उघडून बंद करतो. पाणी झटकन वर यायला हवं. रेंगाळत आलं, तर वाट तुंबते आहे. इंटरलॉक (आपोआप बंद करणारी अशी सुरक्षा व्यवस्था) बायपास करणाऱ्याला तर मी पॅनलजवळ उभाही करत नाही.

कोळशाच्या ढिगाकडे दुर्लक्ष

सैल रचलेल्या ढिगात हवा शिरते, कोळसा आतून तापतो आणि स्वतःहून पेटतो. पातळ थर देऊन दाबून रचा, जुना माल आधी वापरा. धूर दिसला की वरून नळी धरून मोकळं होऊ नका. पाणी वरवर वाहून जातं, आग आत तशीच राहते. तापलेला भाग उकरून काढा, पसरा, थंड होऊ द्या.

बाकीच्या

पेटवण्यापूर्वीचं पर्जिंग (हवा सोडून भट्टीतला वायू बाहेर काढणं) घाईत उरकू नका, साचलेल्या वायूने भट्टीत स्फोट होतो.

सूट ब्लोइंग (नळ्यांवरची काजळी उडवणं) लांबवू नका. चिमणीकडे जाणारा वायू २२ अंशांनी जास्त तापला की बॉयलरची कार्यक्षमता साधारण १ टक्का घसरते.

टर्बाइन थांबल्यावर बारिंग गिअर (रोटर, म्हणजे टर्बाइनचा फिरता दांडा, सावकाश फिरवत ठेवणारी यंत्रणा) लगेच लावा. गरम रोटर एकाच जागी उभा राहिला की वाकतो, आणि वाकलेल्या रोटरवर पुन्हा वेग घेता येत नाही.