मेलेल्या कोंबडीच्या हवेच्या पिशव्या कशा तपासाव्यात

शेडमध्ये रात्री खुरखुर ऐकू येते, पक्षी चोच उघडून श्वास घेतात, मरतूक वाढते. अशा वेळी फुप्फुसांआधी हवेच्या पिशव्या बघाव्यात. कोंबडीची फुप्फुसं बरगड्यांत रुतलेली असतात, ती फुगत नाहीत आणि श्वासपटलही नसतं. छातीचं हाड खालीवर झालं की नऊ पिशव्या भात्यासारखं काम करतात: मानेत दोन, गळ्याशी एक, छातीत चार, पोटात दोन. त्यांच्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसातली हवा मागून पुढे, एकाच दिशेने जाते. पिशव्यांच्या पडद्यात रक्तवाहिन्या मात्र फारच कमी. म्हणून तिथे बसलेला संसर्ग हटत नाही आणि औषधही नीट पोचत नाही.

एकदम बरेच पक्षी मेले असतील, तुरे निळे पडले असतील, तर काहीही कापू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला होता, हे कुक्कुटपालकांना सांगायला नको.

एरवी नुकतेच मेलेले तीन-चार पक्षी घ्या. शिळ्या पक्ष्यात पडदे आपोआप गढूळ होतात, निदान चुकतं. हातमोजे आणि मास्क घाला. पिसं जंतुनाशकाच्या पाण्याने ओली करा, म्हणजे धूळ उडत नाही. पक्षी उताणा ठेवून मांड्यांलगतची कातडी कापा, पाय बाहेर दाबून खुब्यातून निखळवा आणि छातीवरची कातडी सोला. छातीच्या हाडाच्या मागच्या टोकाखाली पोटाला छोटी आडवी चीर द्या. मग दोन्ही बाजूंच्या बरगड्या कात्रीने कापत हाड हळूहळू वर उचला. सगळी गडबड इथेच होते: हाड झटक्यात ओढलं की पिशव्या फाटतात आणि बघायला काही उरत नाही. हाड थोडं वर येताच थांबून, उजेड तिरका पाडून बघा.

निरोगी पडदा इतका पातळ आणि पारदर्शक असतो की पलीकडची आतडी स्वच्छ दिसतात. पडदा दुधाळ, जाड किंवा फेसाळ असेल तर सीआरडीचा, म्हणजे मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणाऱ्या जुनाट श्वसनरोगाचा संशय घ्या. पनीरसारखा पिवळा थर, शिवाय यकृतावर आणि हृदयावर पांढरी साय असेल तर ई. कोलाय हा जिवाणूही शिरलाय. बारीक पांढरट-पिवळ्या गाठी दिसल्या तर बुरशी. ती ओल्या भुशात वाढते, म्हणून शेडमध्ये अंथरलेल्या गादीचा भुसा ओला आहे का ते आधी पाहा. राणीखेत आणि ब्राँकायटिस या विषाणूंच्या रोगांनंतरही पिशव्या बिघडतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनी निकाल देऊ नका.

ताज्या पक्ष्याच्या पिशवीतून प्रयोगशाळेसाठी स्वॅब घ्यायचा तो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. शेडमध्ये डोळे चुरचुरत असतील तर अमोनिया 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आसपास किंवा वर गेलाय असं धरा आणि शेडचे पडदे उघडा. हवा कोंडलेली राहिली तर औषधाचा खर्च वाया जातो. मेलेले पक्षी चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना घालू नका.