तात्पुरत्या वर्गांची मंजुरी: माझा अनुभव

इंदूरमध्ये आमच्या मराठी मंडळींच्या खासगी शाळेला दोन तात्पुरते वर्ग हवे होते. फाईल अडली आगीच्या मुद्द्यावर, आणि ते योग्यच होतं. २००४ साली तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली; हे विसरून कुणी वर्ग बांधू नयेत.

म्हणून थर्माकोल भरलेली पॅनेलं रद्द केली, रॉकवूलची (दगड वितळवून केलेल्या लोकरीची) घेतली. महाग पडली, पण रॉकवूल जळत नाही. प्रत्येक वर्गाला दोन दारं, बाहेरच्या बाजूला उघडणारी. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडला. नकाशात बंबाची वाट मोकळी दाखवली, आणि वर्ग कधी काढणार ती तारीखही अर्जातच लिहून दिली. ही तारीख आवर्जून द्या. मंजुरी मुदतीसह आली.