भेकराच्या मागं कोण लागलंय, ते आधी बघा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी-दाजीपूर अभयारण्याच्या पट्ट्यातली पोरं भेटली की हल्ली एकच विचारतात, "काका, बिबटे लई झालेत, रानात भेकरं दिसंनात. काय बंदोबस्त करायचा?" भेकर म्हणजे रानातलं लहान हरीण. मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, बहुतेक याच भागात. निवृत्तीनंतर अभयारण्याच्या कडेच्या गावांत कुत्र्यांच्या लसीकरणाची आणि नसबंदीची शिबिरं लावायला मदत करतो. त्या अनुभवावर सांगतो, बंदोबस्त करायचा तो गावात. रानातल्या शिकारी जनावराला हात लावायचा नाही.

कायद्याचं आधी उरकतो. बिबट्या आणि कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, दोघंही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारणं सोडाच, पकडायचा निर्णयसुद्धा वनखात्याच्या वरच्या अधिकाऱ्याचा. आणि मारून उपयोग झाला असता म्हणावं, तर तेही करून झालंय. इंग्रजांच्या काळापासून १९७२ चा कायदा येईपर्यंत कोळसुंदे मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. त्यानं सांबरं वाढायची असती तर आजपर्यंत रान भरून गेलं असतं.

मध्यंतरी एका तरुण मंडळाच्या पोरांनी मला मोबाईलवर दाखवलं, कॅनडात हेलिकॉप्टरमधून लांडगे मारतात आणि त्यानं कॅरिबूचे कळप वाढतात. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धी. कॅरिबू म्हणजे बर्फाळ मुलखातलं मोठं हरीण. ब्रिटिश कोलंबियात जुनं जंगल तोडलं, तिथं कोवळा पाला उगवला, त्यावर मूस नावाचं दुसरं मोठं हरीण वाढलं आणि मूसवर लांडगे पोसले. कॅरिबू त्यांच्या तावडीत जाता-येता सापडू लागला. लांडग्याचं पोट मूसवर भरत असल्यानं कॅरिबू संपत आला तरी लांडगा उपाशी मरत नव्हता, म्हणून शेवटचा कॅरिबूही सुटत नव्हता. तिथं क्लिन्से-झा नावाचा एक कळप २०१३ साली ३८ वर आला होता, तो २०२१ पर्यंत शंभराच्या वर गेला. त्यासाठी लांडगे कमी केले हे खरं. पण त्याच वेळी तिथल्या दोन आदिवासी समाजांनी गाभण माद्या डोंगरात कुंपणाआड ठेवल्या, पिल्लं जरा पायावर उभी राहीपर्यंत त्यांना चारा घातला आणि राखण केली. नुसती बंदूक चालवून भागत नाही. जंगल तुटलेलंच राहिलं तर दोन-चार वर्षांत लांडगे परत तेवढेच होतात आणि दर हिवाळ्याला तेच काम पुन्हा करावं लागतं.

आता हे आपल्याकडं लावून बघा. दुसऱ्याच कशावर तरी पोसलेला, त्यामुळं शिकार संपली तरी कमी न होणारा शिकारी आपल्या रानात कोण? बिबट्या थोडाफार आहे, कारण तो उसात राहतो आणि गावातली कुत्री खातो. पण खरा मानकरी कुत्राच. कोंबडीच्या दुकानामागची आतडी, ढाब्याचं खरकटं, गावाबाहेर ओढून टाकलेलं मेलेलं जनावर, एवढ्यावर तो जगतो आणि पहाटे टोळी करून रानात शिरतो. पूर्वी मेलेलं ढोर गिधाडं दोन तासांत साफ करायची. जनावरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं गिधाडं गेली, कारण ते मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं. त्या औषधावर २००६ साली बंदी आली, पण तोवर गिधाडांचं ताट कुत्र्यांच्या पुढं आलं होतं.

कोणता कळप वाढायला हवाय हेही स्पष्ट असू द्या. गवा दाजीपुरात टिकून आहे. १९५८ साली त्याच्यासाठीच हे अभयारण्य झालं. शिवाय ज्याच्या उसात रात्री कळप बसून गेलाय त्याला 'गवा वाचवा' सांगायला गेलात तर चहासुद्धा मिळायचा नाही. चणचण आहे ती सांबर, भेकर आणि चौसिंग्याची. २०२५ मध्ये ताडोब्याकडून वाघीण आणून उत्तरेकडच्या चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात सोडली. वाघ तिथून राधानगरीपर्यंत उतरायचा आणि टिकायचा तर त्याला वाटेत खायला सांबर मिळालं पाहिजे.

मेलेलं जनावर कसं वाचायचं

मेलेलं भेकर दिसलं की गावात एकच बोंब उठते, 'बिबट्या, बिबट्या.' लांबूनच बघा, हात लावू नका, आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवा. गार्ड येईपर्यंत जे बघता येतं ते असं.

बिबट्या गळा धरतो. नरड्याशी सुळ्यांची खोल भोकं असतात, बाकी कातडं बऱ्यापैकी शाबूत. मारल्या जागी तो क्वचितच खातो. करवंदीच्या जाळीत नाहीतर झाडावर ओढत नेतो, मातीत ओढल्याची रेघ दिसते. पावलाच्या ठशात नखं उमटत नाहीत.

कोळसुंदे मागून धरतात, पोट फाडतात आणि बघता बघता खाऊन मोकळे होतात. मागं डोकं, कातड्याचा तुकडा आणि मोठी हाडं राहतात. त्यांची विष्ठा पायवाटेच्या तिठ्यावर एकाच जागी ढिगानं सापडते.

गावच्या कुत्र्यांचं काम निराळं आणि ओंगळ. मांड्या, ढुंगण, शेपटी, कान, जिथं तोंड पडेल तिथं चावे. कातडं लोंबतंय, केस लाळेनं चिकटलेत, आणि मांस मात्र फारसं खाल्लेलंच नाही. पोट भरलेल्या जनावरानं केलेली ती शिकार असते. पुष्कळदा भेकर तिथं मरतही नाही. ते पळून ओढ्यात जाऊन बसतं आणि दोन दिवसांनी दगावतं. कुत्रं आणि कोळसुंदा यांच्या ठशांवरून फरक करायला जाऊ नका, दोघांचीही नखं उमटतात आणि भले भले फसतात. जनावर दिसलं तर शेपूट बघा. कोळसुंद्याची झुबकेदार आणि टोकाला काळी, अंग तांबूस. तो भुंकत नाही, शीळ घातल्यासारखा आवाज काढतो.

अशा नोंदी वर्षभर एका वहीत ठेवा. तारीख, जागा, कोणतं जनावर, चावा कुठं, आणि जमला तर फोटो. ग्रामसभेत ही वही पुढं ठेवल्याशिवाय कुत्र्यांचा विषय कुणी मनावर घेत नाही.

आधी खाणं तोडा

नसबंदीच्या आधी हे. खाणं तसंच राहिलं तर इकडं तुम्ही नसबंदी करता आणि तिकडं शेजारच्या गावची कुत्री मोकळ्या उकिरड्यावर येऊन बसतात. कोंबडीवाल्याशी ग्रामपंचायतीमार्फत बोला. झाकणाचं पिंप आणि रोजच्या रोज खड्डा, एवढंच मागा. मेलेल्या जनावरासाठी जेसीबीवाल्याशी आधीच ठरवून ठेवा. माणूसभर खोल खड्डा, वर चुन्याची फक्की, मग माती. म्हैस मेल्यावर शोधाशोध सुरू केली तर ती ओढ्यातच जाते, हे मी नोकरीत कितीदा बघितलंय. गावच्या म्हाईचा, म्हणजे मटणाच्या जत्रेचा, दुसरा दिवस सगळ्यात वाईट. घरोघरची हाडं बाहेर पडतात आणि आठवडाभर कुत्र्यांचं संमेलन भरतं. त्या दिवसापुरती घंटागाडीची जादा फेरी लावा. फोंड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटक गाडी थांबवून कुत्र्यांना बिस्किटं घालतात, त्यांना हात जोडून सांगा. अभयारण्याच्या हद्दीत हा भूतदयेचा प्रकार भेकरांच्या जिवावर उठतो.

नसबंदी

कुत्री मारायची नाहीत, विष तर अजिबात नाही. विष घातलेलं मांस कोळसुंदाही खातो, घारही खाते आणि एखादं उरलंसुरलं गिधाडही. पशू जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणं कुत्रं पकडायचं, नसबंदी आणि रेबीजची लस करायची, कानाला खाच मारायची आणि पकडलं त्याच जागी सोडायचं. शस्त्रक्रियेसाठी भारतीय पशु कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था लागते. तेव्हा आपलं काम म्हणजे ग्रामपंचायतीकडून पत्र काढणं, पैशाची सोय लावणं आणि कुत्री हाताशी आणणं.

माद्या आधी. दहातल्या आठ नरांची नसबंदी केली तरी उरलेले दोघं सगळं गाव पुरं करतात. मादीचा गाभणकाळ दोन महिन्यांचा, एका वेताला पाच-सहा पिल्लं. पण नर ओट्यावर लोळत पडलेला असतो, मादी बुजरी असते, म्हणून शिबिरात नरांचीच गर्दी होते आणि आकडा छान दिसतो. आकड्याला भुलू नका. बुजऱ्या मादीसाठी आठवडाभर आधीपासून रोज एकाच वेळी, एकाच माणसानं, एकाच जागी भाकरी टाकायची. भाकरीला बोंबलाचं डोकं चोळलं की कोकणातनं आल्यागत धावत येते. पकडायच्या आदल्या रात्रीपासून मात्र काही घालायचं नाही, भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. पिल्लांना पाजणारी मादी सोडून द्या, पिल्लं खायला शिकली की धरा.

वेळ म्हणाल तर मार्च ते मेचा पहिला पंधरवडा. पावसाळा सरता सरता माद्या माजावर येतात, त्याच्या आत काम उरकलं पाहिजे. आणि दाजीपूरच्या पावसात टाका वाळत नाही. जूनमध्ये शिबिर लावणारा माणूस बहुतेक सांगलीकडचा असतो.

लस

नसबंदीचा परिणाम दिसायला वर्षं जातात, लसीचा लगेच होतो. रेबीजची लस सगळ्यांना माहीत आहे, पण डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूरोगाचीही मागा. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. कोळसुंदा तर कुत्र्याच्याच कुळातला. एका टोळीत रोग शिरला की टोळी गेली. गावातल्या दहातल्या सात कुत्र्यांना तरी रेबीजची लस पोचली पाहिजे, आणि ती दरवर्षी. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. दुचाकीच्या डिकीत दुपारभर फिरलेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच.

राखणीची कुत्री

धनगरवाड्यावरच्या कुत्र्याकडं मात्र वेगळ्या नजरेनं बघा. बिबट्या असलेल्या रानात शेरडं-मेंढरं राखायची तर कुत्रं लागतंच. धनगराला 'कुत्रं ठेवू नको' म्हणणाऱ्यानं एक रात्र त्याच्या वाड्यावर काढावी. त्याच्याशी दोनच गोष्टी ठरवायच्या. माद्यांची नसबंदी करून घ्यायची, आणि कळप बसलेला असताना कुत्रं सुटं सोडून रानात जाऊ द्यायचं नाही. बदल्यात लस फुकट आणि मेंढरांच्या जंतनाशकाची सोय. माझा अनुभव असा की गावातल्या मालकांपेक्षा हे लोक शब्द जास्त पाळतात.

फरक पडतोय का ते कसं कळणार? बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून होणारी मोजणी चांगली, पोरांना रानाची गोडी लागते. पण ती एका रात्रीची. वळीव पडला तर जनावर पाणवठ्यावर येतच नाही. त्यापेक्षा वनखात्याच्या परवानगीनं, गार्डाबरोबर, एकच वाट धरा. पावसाळा सोडून दर महिन्याला, त्याच वेळी, तेवढंच अंतर. सांबराच्या किती माद्या दिसल्या आणि त्यांतल्या कितींबरोबर पिल्लू होतं एवढंच लिहा. एकूण आकडा वर-खाली होतो. मादीमागं पिल्लाचं प्रमाण दोन-तीन वर्षं चढतं राहिलं तर कुत्र्यांचा त्रास कमी होतोय असं धरायला हरकत नाही. चढलं नाही तर वही पुन्हा उघडा. तारेची फासकी कुठं लागतात ते बघा, कारण फासक्यात अडकलेल्या जनावराचे लचके नंतर कुत्र्यांनी तोडले तर चावे कुत्र्याचेच दिसतात. पायाला किंवा मानेला तारेचा गोल व्रण आहे का, हे म्हणून आधी तपासायला गार्डाला सांगायचं, चावे नंतर.