तीन समीकरणे, तीन प्रतले: उकल आहे की नाही हे कसे ओळखावे

तीन चलांतील रेषीय समीकरण अवकाशात एक प्रतल ठरवते, आणि अशा तीन समीकरणांची उकल म्हणजे तिन्ही प्रतलांवर एकाच वेळी असणारे बिंदू. आकडेमोडीला हात घालण्यापूर्वी ही प्रतले डोळ्यांसमोर आणावीत, असा माझा आग्रह आहे.

क्ष + य + झ = ६ आणि क्ष − य + झ = २ ही समीकरणे घ्या. डावीकडचे सहगुणक (चलांना गुणणाऱ्या संख्या) प्रतलाच्या अभिलंबाची, म्हणजे प्रतलाला लंब असणाऱ्या रेषेची, दिशा सांगतात, तर उजवीकडची संख्या बदलली की प्रतल स्वतःला समांतर सरकते. येथे सहगुणक प्रमाणात नाहीत, म्हणून प्रतले एका रेषेत छेदतात. वजाबाकी केल्यास य = २ आणि त्यावरून क्ष + झ = ४ मिळते, म्हणजे छेदरेषेवरील बिंदू (त, २, ४ − त) असे आहेत, येथे त ही कोणतीही संख्या. य = २ हे प्रतलही त्याच रेषेतून जाते; चलाचा लोप करताना आपण खरे तर दार बिजागरीवर फिरवावे तसे प्रतल छेदरेषेभोवती फिरवतो, आणि म्हणूनच उकल बदलत नाही.

आता तिसरे प्रतल २क्ष + य − झ = १ असेल, तर वरचा बिंदू त्यात घालून ३त − २ = १, म्हणजे त = १ येते; खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळावी तशी (१, २, ३) ही एकच उकल. तिसरे प्रतल क्ष + झ = ४ असेल, तर वहीची पाने शिवणीवर मिळावीत तशी तिन्ही प्रतले त्या रेषेत मिळतात आणि उकली अनंत होतात.

क्ष + झ = ५ घेतले की मात्र विद्यार्थी गोंधळतात, कारण कोणतीही दोन प्रतले समांतर नसूनही उकल नसते. पहिले आणि तिसरे प्रतल य = १ वर छेदतात, दुसरे आणि तिसरे य = ३ वर, तर पहिली दोन य = २ वर; तिन्ही छेदरेषांची दिशा (१, ०, −१) हीच. प्रयोगशाळेतला काचेचा लोलक हातात घेऊन त्याच्या तीन समांतर कडांवरून बोट फिरवा, म्हणजे हे चित्र पक्के बसेल.

शेवटच्या दोन्ही उदाहरणांत सहगुणकांचा निश्चयक (तिन्ही समीकरणांच्या सहगुणकांवरून काढलेली एक संख्या; ती शून्य नसेल तर उकल एकच असते) शून्यच येतो, त्यामुळे ‘निश्चयक शून्य, म्हणून उकल नाही’ असे लिहिणे चूक आहे. या उदाहरणांत पहिल्या दोन समीकरणांची बेरीज करून दोनाने भागावे. डावीकडे तिसऱ्या समीकरणाचीच क्ष + झ ही बाजू येते; उजवीकडेही तेच ४ असतील तर रेषा, दुसरी कोणतीही संख्या असेल तर लोलक.