तशरीह-ए-मन्सूरीतल्या शरीराकृती कशा वाचाव्यात

शिराझचा हकीम मन्सूर इब्न इलियास यानं १३८६ च्या सुमारास शरीररचनेवर ‘तशरीह-ए-मन्सूरी’ हा फारसी ग्रंथ लिहून तैमूरचा नातू पीर मुहम्मद याला अर्पण केला. या ग्रंथाच्या हस्तलिखितांत उकिडव्या बसल्यासारख्या पानभर आकृत्या सापडतात: सांगाडा, मज्जातंतू, स्नायू, शिरा, धमन्या आणि गर्भवती.

आधी आकृती समोरून आहे की पाठमोरी, ते ठरवा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. सांगाडा आणि मज्जातंतूंची आकृती पाठमोरी असते, पण डोकं इतकं मागे टाकलेलं की तोंड पानाच्या वरच्या टोकाला येतं. तोंड दिसलं म्हणून ती समोरून धरली, की डावं-उजवं उलटं झालंच. पाठमोऱ्या आकृतीत तुमची डावी बाजू हीच शरीराची डावी. शिरा-धमन्यांच्या आकृत्या मात्र समोरून आहेत. तिथे यकृत तुमच्या डावीकडे शोधा.

मज्जातंतूंचे रंग पाहून लाल म्हणजे धमनी, असं समजू नका. शेजारच्या जोड्या वेगळ्या कळाव्यात म्हणून वेगवेगळ्या शाया वापरल्या आहेत. मेंदूतून निघणाऱ्या जोड्या मोजताना प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याच्या परंपरेतल्या ७ धरा. आजच्या १२ शी हिशेब जुळत नाही, कारण गॅलेननं काही तंतू एकत्र मोजले होते: त्याच्या पाचव्या जोडीत आजची सातवी आणि आठवी, तर सहाव्या जोडीत नववी, दहावी आणि अकरावी येते. चित्रकारानं पाच जोड्या गाळल्या, असा ठपका ठेवणं अन्यायाचं आहे.

त्याच परंपरेप्रमाणे शिरांचा माग यकृतापासून घ्या, धमन्यांचा हृदयापासून. रक्त फिरून परत येतं ही कल्पना या आकृत्यांत शोधू नका.

गर्भवतीचं चित्र धमन्यांच्या चित्राशेजारी ठेवून पाहा. मूळ आकृती तीच, त्यात गर्भाशयाची भर. या संचातली सगळ्यात मोलाची आकृती हीच: बाकीच्या पाचांशी मिळतीजुळती चित्रं बाराव्या शतकातल्या लॅटिन हस्तलिखितांतही आहेत, हिच्याशी मिळतंजुळतं चित्र त्यांत नाही.

शेवटी नकलेची तारीख. हिजरी वर्षात सरळ ६२२ मिळवू नका, चांद्रवर्ष लहान असतं. आधी ०.९७ नं गुणा, मग ६२२ मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक राहतो, तो महिना पाहून काढा. अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनमधल्या नकलेवर ४ मुहर्रम ८९४ आहे. हिशेबानं १४८९ येतं, पण मुहर्रम वर्षाचा पहिला महिना असल्यानं खरी तारीख ८ डिसेंबर १४८८ आहे.