साइडकार घेऊन पुण्याहून कच्छच्या रणात: काय तुटतं आणि रस्त्यावर कसं जोडायचं

साइडकार लावलेली बुलेट लांब न्यायची म्हटली की लोक इंजिनाचं विचारतात. तापणार नाही का, घाट चढेल का, एवढं ओझं ओढेल का? इंजिनाची काळजी सगळ्यात शेवटी करा. जुनी कास्ट आयर्न ३५० पन्नासच्या वेगानं दिवसभर ठोकत राहते. तुटतात ते जोड: क्लॅम्प, बोल्ट, स्पोक, वायरी. मोटारसायकल वळताना कलते, त्यामुळे चाकावरचा जोर स्पोकांच्या रेषेत राहतो. शेजारी तिसरं चाक बांधलं की तिला कलता येत नाही आणि प्रत्येक वळणाला चाकांना, फ्रेमला आडवा मार बसतो. या प्रवासाची जवळजवळ सगळी तयारी त्या आडव्या माराची आहे.

गाडी मी चालवते. आमचे हे साइडकारमध्ये बसतात, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर मागच्या सीटवर टांग टाकणं त्यांना जमत नाही. आमचा नेहमीचा रस्ता पुणे ते धोलावीरा, म्हणून खाली उदाहरणं तिथली येतील.

कागदांचं आधी उरकू. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटारसायकलच्या व्याख्येतच काढता-घालता येणारी साइडकार धरलेली आहे, त्यामुळे ‘ही तीनचाकी झाली’ असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. पण मागाहून साइडकार बसवणं हा गाडीतला बदल आहे आणि त्याच कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो आरटीओकडून नोंदवून घ्यावा लागतो. विमा कंपनीलाही कळवा. हेल्मेट दोघांनीही घाला. पूर्वी साइडकारमधल्या माणसाला कायद्यानं सूट होती. डोक्याला ती कधीच नव्हती.

बांधणी

साइडकार डावीकडेच लागते आणि गाडीला साधारण चार ठिकाणी धरते, दोन खाली, दोन वर. बसवणारा म्हणेल, ‘काकू, नजरेनं बसवतो, बघा.’ नजरेनं बसवू देऊ नका. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट फरशी शोधा, खिडक्यांना लावतात तसले दोन लांब, सरळ ॲल्युमिनियमचे सेक्शन आणा, टेप आणि ओळंबा घ्या.

एक सेक्शन बुलेटच्या दोन्ही चाकांना लावून ठेवायचा, दुसरा साइडकारच्या चाकाला. मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असेल तर पुढे तेवढी फट सोडायची, नाहीतर सगळं माप फसवं येतं. आता दोन सेक्शनमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे मोजा आणि मागच्या चाकाच्या मागे मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा १५ ते २० मिलिमीटर कमी हवं, म्हणजे साइडकारचं चाक किंचित आत वळलेलं. त्याहून जास्त ठेवलंत तर टायर रबर सोलत चालतो; हात फिरवलात की एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखा लागतो. कमी ठेवलंत तर गाडी सारखी डावीकडे ओढते.

मग ओळंबा. बुलेट सरळ उभी नको, उजवीकडे किंचित झुकलेली हवी, एक मीटर उंचीला दोन-तीन सेंटिमीटर. आपले रस्ते मध्यात उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या लेनमध्ये चालताना तो उतार ही झुकण भरून काढतो आणि गाडी सरळ होते. माप घेताना साइडकारमध्ये बसणाऱ्याएवढं वजन ठेवा आणि सीटवर कोणालातरी बसवा. साइडकारचा आस बुलेटच्या मागच्या आसापेक्षा वीतभर पुढे असतो, तो तसाच असू द्या. काही जण दिसायला बरं म्हणून एका रेषेत आणतात. मग उजवीकडच्या वळणावर साइडकारचं नाक फार लवकर दबतं.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नट आणि त्याखालच्या पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. सकाळी चहा येईपर्यंत सगळ्या रेघा बघून होतात, पाना हातात घ्यायचीही गरज नाही. नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रीला आधी हसू आलं होतं. आता त्याच्या कपाटात लाल बाटली असते.

आणखी तीन कामं. पुढचं स्प्रॉकेट एक-दोन दात कमीचं बसवा, नाहीतर घाटात क्लच जळेल. हँडलला स्टिअरिंग डॅम्पर लावा, कारण कमी वेगात हँडल थरथरतं. आणि तिन्ही चाकांना एकाच मापाची ट्यूब लागेल अशी सोय करा. माझ्या साइडकारला जुन्या बुलेटचंच १९ इंची चाक आहे, त्यामुळे जवळच्या ट्यूबा कुठल्याही चाकाला चालतात.

चालवायला शिकणं

बुलेट कितीही वर्षं चालवलेली असो, हे वेगळं वाहन आहे. हँडल खरंच वळवावं लागतं. पिकअप दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. डावीकडच्या वळणावर रिकाम्या साइडकारचं चाक हवेत जातं, म्हणून शिकताना तिच्यात चाळीस किलो वाळूची पोती ठेवा. मोकळ्या मैदानात डावीकडे गोल फिरा आणि चाक कधी हलकं पडतं ते ओळखा. उचललंच तर पिकअप अलगद सोडा आणि हँडल थोडं सरळ करा. पण सरळ करायचं म्हणजे समोरच्या लेनमध्ये जायचं, म्हणून घाटात हा उपाय कामाचा नाही. तिथे वळणाआधीच वेग कमी करायचा. उतारावर उजवं वळण आलं तर साइडकारचं नाक खाली दबतं. ब्रेक वळणाच्या आत नाही, आधी सरळ रस्त्यावर लावा.

मैदान जमलं की दिवे घाट चढा-उतरा, भल्या सकाळी. तेव्हा साइडकारमध्ये माणूस हवा, आणि तो ओझं म्हणून बसून चालत नाही. डावं वळण आलं की ह्यांनी साइडकारच्या बाहेरच्या, म्हणजे डाव्या बाजूला रेलायचं, असं ठरलंय. डावीकडे किती जागा आहे हेही तेच सांगतात. ‘अगं, ट्रक!’ याचा काही उपयोग नसतो. ‘डावीकडे हातभर’ याचा असतो. खड्डा चुकवायची जुनी सवयही सोडावी लागते: तीन चाकांच्या दोन वाटा, एक चुकवला की दुसरं चाक त्यात जातं.

रस्ता

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकींना बंदी आहे आणि मुंबईच्या गर्दीत साइडकार घेऊन शिरण्यात मजा नाही. आम्ही नाशिक, दिंडोरी, वणीवरून सापुतारा घाट उतरतो. वघई, वांसदा करत चिखलीला मोठ्या हायवेला लागतो. सुरत ते अहमदाबाद हा कंटाळ्याचा पट्टा, तो डाव्या लेनमध्ये निमूट काढायचा. पुढे विरमगाम, ध्रांगध्रा, हळवद, माळिया. सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. सामखियाळीवरून रापरला जा, तिथे टाकी भरा आणि मग खडीर बेटावरच्या धोलावीराकडे निघा. हडप्पाकालीन नगराचे हे अवशेष २०२१ साली जागतिक वारशाच्या यादीत आले. तिथून खावड्याकडे जाणारा रस्ता सुमारे ३० किलोमीटर रणाच्या मधून जातो.

डिसेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्याचं पाणी रणात बराच काळ टिकतं. वरचा थर पांढरा, कोरडा दिसतो आणि खाली चिखल असतो. डांबर सोडून उतरू नका. उतरलात आणि रुतलात तर लक्षात ठेवा, जोर फक्त बुलेटच्या मागच्या चाकाला आहे. साइडकारचं चाक फसलं की पिकअप देताच गाडी त्याच्याभोवती फिरते आणि आणखी रुतते. पिकअप बंद करा. आतल्या माणसाला आणि सामानाला उतरवा, मागच्या चाकातली हवा निम्मी करा आणि आलेल्या वाटेनंच मागे ढकला.

पेट्रोलचं गणित: माझी बुलेट एकटी पस्तीसच्या आसपास देते, साइडकारसकट चोवीस-पंचवीस.

वाटेतली दुरुस्ती

क्लचची वायर लिव्हरपाशी तुटते, आणि साइडकारला ती नुसत्या बुलेटपेक्षा लवकर तुटते कारण क्लच सारखा दाबावा लागतो. नवी वायर पिशवीत ठेवू नका. ग्रीस लावून जुनीच्या शेजारून आत्ताच ओवून ठेवा, दोन्ही टोकं टेपनं बांधून. मग रस्त्यात काम उरतं ते फक्त टोकं अडकवण्याचं.

स्पोकांचं जरा सविस्तर सांगते, कारण माहीत नसेल तर इथेच प्रवास संपतो. रोज संध्याकाळी गाडी थांबली की मागचं चाक फिरवत प्रत्येक स्पोकवर छोट्या पान्यानं टिचकी मारा. ताणलेला ‘टण्‌’ वाजतो, ढिला ‘ठप्प’. ढिला असेल तर निपल (रिमपाशी स्पोक आवळायचा छोटा नट) पाव फेरा आवळा, पुन्हा ऐका; एकदम दोन फेरे आवळलेत तर चाकाला आऊट येतो, म्हणजे ते डुगडुगत फिरतं. एखादा तुटला तर त्याचं टोक मोकळं सोडू नका, शेजारच्या स्पोकला बाइंडिंग वायरनं बांधा. पुढच्या गावापर्यंत हळू जाता येतं. शेजारी शेजारी दोन तुटले असतील तर मात्र तिथेच बसा आणि बदला. आतले आणि बाहेरचे स्पोक वेगळ्या वाकाचे असतात, दोन्ही जातीचे जवळ ठेवा. आम्ही ते साइडकारच्या खालच्या पाइपला टेपनं चिकटवतो. जुनं निपल शाबूत असेल तर नवा स्पोक त्यातच फिरवता येतो. मात्र टायर उघडून एकदा आत बघाच. स्पोकचं टोक निपलच्या बाहेर तांदळाएवढं जरी आलं असेल तरी कानशीनं घासून टाका, नाहीतर दहा किलोमीटरवर पंक्चर ठरलेलं. पंक्चरवाला ते पंक्चर काढेल, पुन्हा पैसे घेईल, आणि टोक तिथंच राहील.

पुढच्या खालच्या क्लॅम्पपाशी साइडकारच्या पाइपला चीर जाते. सगळा आडवा जोर तिथे एकवटतो. आमचा पाइप विरमगामच्या पुढे चिरला होता. आधी रेघ दिसली, रंगातल्या केसासारखी, आणि तिच्यातून गंजाचं तांबूस पाणी. तेव्हाच थांबायचं. टायर काढायची लोखंडी पट्टी त्या चिरेवर आडवी ठेवून चार जुबली क्लिपांनी (स्क्रूनं आवळायच्या गोल पट्ट्या) करकचून बांधली, वीसच्या वेगानं पुढचं गाव गाठलं. कुठल्याही शेतीच्या गावात ट्रॉल्या जोडणारा वेल्डिंगवाला असतो आणि ट्रॉलीपुढे आपली साइडकार म्हणजे खेळणं.

वेल्डिंगला सुरुवात होण्याआधी चार गोष्टी तुम्ही स्वतः करा, तो करणार नाही. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून लांब ठेवा. ओलं फडकं टाकून भागवू नका. अर्थचा चिमटा चिरेच्या जवळ, त्याच पाइपवर लावायला सांगा. तो गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. आणि नुसती चीर भरू देऊ नका, वरून पट्टी मारून घ्या. तो गुजरातीत बोलत होता, मी मराठीत. ‘पट्टी’ दोघांनाही कळलं. पैसे द्यायला गेले तर ह्यांच्याकडे बघून म्हणाला, ‘काकांना चहा पाजा आधी.’ काका तोवर साइडकारमध्ये घोरत होते.

टाकीला बारीक गळती लागली तर अंगाचा साबण कोरडाच घासून चिरेत भरा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे मुक्कामापर्यंत सहसा टिकतो. चेनलॉकची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ठेवा. गाडी अडखळायला लागली तर कार्बोरेटर उघडायच्या आधी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारी दोन टोकं) बघा: गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ती मोजायचं पातळ पट्ट्यांचं फीलर गेज जवळ असू द्या. पॉइंट पुसायला व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा पेट्रोलमध्ये बुडवून फिरवला की पुरतं.

हे सगळं सामान साइडकारच्या सीटखाली, पण हात घातला की लागेल असं. कपड्यांच्या बॅगा आणि चिवड्याचे डबे उपसल्याशिवाय पाना मिळत नसेल तर माणूस ढिल्या बोल्टकडे काणाडोळा करतो.

परत आल्यावर

रणातलं मीठ चार दिवसांत स्पोकच्या निपलांना धरतं. भुजला किंवा पहिल्या पाणी मिळेल त्या गावात गोड्या पाण्यानं गाडी खालून धुवून घ्या, चेनला तेल सोडा. पुण्यात आलात की मागचा टायर मधोमध सपाट झालेला दिसेल. तो पुढच्या फेरीला वापरू नका. साइडकारच्या चाकाचं बेअरिंग काढून ग्रीस बदला. आणि वाटेत मारलेली पट्टी कितीही मजबूत दिसली तरी तो पाइप कापून नवा घाला. वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून गेलेलं असतं, पुढची चीर तिथूनच निघते.