समुद्र वर चढतोय, वस्तीने प्लॅन कसा करायचा? आधी भिंतीवर रेघ मारा

किनाऱ्यावरच्या कुठल्याही वस्तीत हा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, भिंत बांधून टाका. मग दुसरा कोणीतरी मोबाईलवर २१०० सालचा नकाशा दाखवतो, त्यात सगळी वस्ती निळ्या रंगात बुडालेली, ते बघून अर्धे घाबरतात, अर्धे हसतात आणि मीटिंग संपते. दोन्हीतून हाताला काही लागत नाही. सुरुवात आजच्या पाण्यापासून करायची.

पुढच्या मोठ्या उधाणाला, म्हणजे अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपास जी सगळ्यात उंच भरती येते तेव्हा, दहा-बारा जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहायचं. वेळ भरतीच्या टेबलमध्ये आधीच मिळते. पाणी जिथे टेकलं तिथे भिंतीवर, विजेच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर ऑइलपेंटने रेघ मारा आणि बाजूला तारीख, वेळ, वारा होता की नव्हता हे लिहा. फोटो काढाच, पण त्यात न हलणारी एखादी वस्तू आली पाहिजे, नुसत्या पाण्याचे फोटो सहा महिन्यांनी कोणालाच ओळखू येत नाहीत.

आता ही रेघ बाकीच्या वस्तीत फिरवायची. त्याला महागडं मशीन लागत नाही, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे काढा (हे विसरलात की सगळंच चुकतं), दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथे खूण करा आणि असं टप्प्याटप्प्याने विहिरीच्या काठापर्यंत, शाळेच्या पायरीपर्यंत, ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यापर्यंत जा. मोबाईलच्या जीपीएसवर उंची मोजू नका, त्यात कित्येक मीटरची चूक येऊ शकते आणि आपला सगळा खेळ सेंटिमीटरचा आहे. फुकट मिळणारे सॅटेलाइटचे उंचीचे नकाशेही बऱ्याचदा झाडांचे शेंडे न् घरांची छपरं यांनाच जमीन समजतात, त्यामुळे जागा आहे त्यापेक्षा उंच दिसते. आणि एक घोळ हमखास होतो, भरतीच्या टेबलातला शून्य म्हंजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी आणि जमिनीच्या सर्व्हेतला शून्य म्हंजे सरासरी समुद्रपातळी, दोघांत मोठा फरक असतो. कॉन्ट्रॅक्टर आकडा सांगायला लागला की पहिला प्रश्न हाच विचारा, तुमचा शून्य कुठला?

मग वर किती वाढ धरायची? १९०१ ते २०१८ या काळात जगभरात सरासरी २० सेंटिमीटर पाणी चढलं, पण २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला होता. आयपीसीसीच्या (हवामान बदलाचा अभ्यास मांडणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) २०२१ च्या रिपोर्टप्रमाणे २१०० पर्यंतची वाढ, उत्सर्जन खूप कमी केलं तर साधारण २८ ते ५५ सेंटिमीटर आणि खूप जास्त राहिलं तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर, १९९५ ते २०१४ च्या सरासरीवर. हे जगाचं झालं. तुमची जमीन स्वतःच खचत असेल तर ते वेगळं मिळवा, जकार्तात भूजल उपसून उपसून जमीन समुद्राच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने खाली गेलीय. मी म्हणतो फार डोकं लावू नका, आजच्या रेघेच्या वर ३०, ६० आणि १०० सेंटिमीटरवर तीन रंगांच्या रेघा मारा, सगळ्यात खालची निळी, सगळ्यात वरची लाल. स्वतःच्या खिडकीखाली लाल रेघ दिसली की माणूस जे समजतो ते नकाशाने समजत नाही.

पाणी समोरूनच येईल असंही धरू नका. ते आधी गटारातून उलटं येतं. पाऊस नाही, वारा नाही, भर उन्हात रस्त्यावर पाणी आलं तर चाखून बघू नका, गटाराचंच आहे ते, पण ढकलतोय समुद्र. नंतर खालून येतं, भूजल वर सरकतं, शोषखड्डे तुंबतात, सेप्टिक टँक भरून वाहतात. किनाऱ्यालगत वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, ढोबळ हिशेब असा की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीस मीटर असतं, म्हणजे वरचा थोडासा थर गमावला की खाली किती जातं बघा. म्हणून विहिरींचा खारेपणा दर महिन्याला मोजा, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं साधं टीडीएस मीटर चालतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. प्लॅनमध्ये तारखा लिहू नका, खुणा लिहा. "२०४० मध्ये रस्ता उंच करू" याला अर्थ नाही, पाणी लवकर चढेल की उशिरा कोण सांगणार. त्याऐवजी "वर्षात दहा वेळा पाणी निळ्या रेघेला लागलं की रस्त्याचं काम हातात घ्यायचं" असं लिहा. लंडनसाठी २०१२ मध्ये केलेला थेम्स एस्चुरी २१०० प्लॅन याच पद्धतीचा आहे, पर्याय आधी ठरवायचे, मोजत राहायचं आणि पाणी कसं चढतंय ते बघून पुढच्या वाटेला लागायचं. फक्त कामाला लागणारा वेळ मागे मोजा, परवानगी, पैसे आणि बांधकाम मिळून दहा वर्षं जाणार असतील तर खूण तेवढी खाली हवी. आणि चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्रामुळे उधाणं काही वर्षं मोठी, काही वर्षं लहान येतात, तेव्हा दोन-तीन वर्षं पाणी कमी आलं म्हणून रजिस्टर बंद करू नका.

पर्यायांबद्दल थोडक्यात. भिंतीवर लाट आपटून समोरची वाळू ओढून नेते आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याचा किनारा खचतो, शिवाय आतलं पावसाचं पाणी बाहेर काढायला पंप लागतातच. कांदळवन लाटांचा जोर मोडतं, पण पाणी चढलं की त्यालाही मागे सरकायला जागा हवी, मागे रस्ता किंवा बांध असेल तर ते मधल्या मध्ये मरतं. रस्ता उंच केला तर पाणी घरांत जातं, ही चूक जिथे तिथे दिसते. लाल रेघेखाली नवीन काही बांधायचं नाही हा सगळ्यात स्वस्त पर्याय आणि भांडणंही त्यावरच जास्त.

हलायची वेळ आली तर फिजीतलं वुनिदोगोलोआ गाव बघा, २०१४ मध्ये ते साधारण दोन किलोमीटर आत गेलं, अख्खं गाव एकत्र. उलट वेल्समधल्या फेअरबोर्नला २०५४ च्या सुमारास संरक्षण थांबेल असं जाहीर झालं, पण लोकांनी जायचं कुठे हे ठरलेलं नव्हतं, घरांच्या किमती पडल्या आणि कर्ज मिळेना. म्हणून जागा, पैसा आणि क्रम ठरल्याशिवाय "हे सोडून द्यायचं" असं तोंडातून काढू नका. मीटिंगला भाडेकरूंनापण बोलवा, घरमालक भरपाईचं बोलतील, भाडेकरूंना कोणी विचारतच नाही.

पहिल्या वर्षी एवढंच करा: रेघा, विहिरींचं रजिस्टर आणि नाल्यांच्या तोंडाला फ्लॅप व्हॉल्व, म्हणजे उघाडी, पाणी बाहेर जाईल पण आत येणार नाही असं झाकण. दोन माणसं नेमा आणि दर मोठ्या उधाणाच्या आदल्या दिवशी ओहोटीला जाऊन बघा, कारण झाकणात एक प्लास्टिकची बाटली अडकली तरी ते उघडंच राहतं आणि रात्री पाणी आत.